'आधीच क्लिअरन्स हवा' म्हणणाऱ्या जाहिराती: मग पहिल्यांदा तो मिळतो तरी कसा?

सायली_स्विंडन

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, पण मधलं गाळलं तर प्रश्न नीट कळणार नाही.

मी नेटवर्क इंजिनिअर. पुण्यात नऊ वर्षं नोकरी केली, ऑगस्ट २०१८ मध्ये इंग्लंडला आले, २०२३ मध्ये आयएलआर (इथे कायम राहण्याचा परवाना) मिळाला. आम्ही स्विंडनला राहतो. जानेवारीत आमच्या कंपनीने अख्खी टीमच कमी केली, त्यात मीही गेले. तेव्हापासून रोज सकाळी मुलाला शाळेत सोडलं की नोकऱ्या शोधायला बसते.

आमच्या पट्ट्यात नेटवर्कची कामं पुष्कळ आहेत, पण त्यातली बरीचशी संरक्षण खात्याच्या अवतीभवतीची. कॉर्शम, ब्रिस्टलचं ॲबी वुड, चेल्टनहॅम, फार्नबरो. मी वहीत मांडून ठेवलंय. गेल्या सहा आठवड्यांत माझ्या अनुभवाशी जुळणाऱ्या ३१ जाहिराती सापडल्या. त्यातल्या १९ जाहिरातींत एकच ओळ: 'मस्ट होल्ड ॲक्टिव्ह एससी क्लिअरन्स'. (नवीन मंडळींसाठी सांगते, इथे एससी म्हणजे सिक्युरिटी चेक. सरकारच्या गोपनीय कामासाठी जी पडताळणी होते, तिचा एक दर्जा.)

मागच्या मंगळवारी एका एजंटचा फोन आला. कॉर्शमचं काम, सहा महिन्यांचं कंत्राट. फायरवॉल, राउटिंग, एका डेटा सेंटरमधून दुसरीकडे सगळं हलवणं, तो जे जे वाचून दाखवत होता ते सगळं मी स्वतः केलेलं आहे. गॅसवर भात होता, तो बंद करून ओट्याशी उभी राहून बोलत होते. मग त्याने विचारलं, तुमच्याकडे चालू एससी आहे का? मी म्हटलं, नाही, पण काढायला तयार आहे, काय कागद लागतील ते सांगा. 'सॉरी, क्लायंटला आधीपासून असलेलाच माणूस हवाय.' फोन ठेवून घड्याळ पाहिलं, चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती. भात तसाच अर्धा कच्चा राहिला.

त्या रात्री मी शोधत बसले, की स्वतःच अर्ज करून हा क्लिअरन्स काढता येतो का. तर नाही. यूके सिक्युरिटी व्हेटिंगकडे (ही पडताळणी करणारी सरकारी संस्था) व्यक्तीला परस्पर अर्ज करता येत नाही, मागे कुणीतरी संस्था प्रायोजक म्हणून उभी राहावी लागते. म्हणजे क्लिअरन्सशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय क्लिअरन्स नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही अट घालणं नियमाला धरून आहे का? अशा १९ जाहिरातींना अर्ज करत राहावं की सोडून द्यावं? आणि एका ग्रुपवर कुणीतरी '९०० पाउंडात एससी करून देतो' असं लिहिलंय, ते खरं असू शकतं का? शिवाय एक काळजी आहे. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत बाबा आजारी पडले, तेव्हा मी एप्रिल ते ऑक्टोबर लातूरला होते. ते सात महिने माझ्या आड येतील का?

—

मंदार_ब्रिस्टल

सायलीताई, आधी ते ९०० पाउंडांचं बोलतो, कारण ते सगळ्यात तातडीचं आहे. एक पैसाही देऊ नका. आणि पैशांहून मोठी भीती अशी, की क्लिअरन्सच्या फॉर्ममध्ये जी माहिती असते (पासपोर्ट, जुने पत्ते, आईवडिलांच्या जन्मतारखा) ती तुम्ही एका अनोळखी माणसाच्या हातात द्याल. क्लिअरन्स विकत मिळत नाही. खरं तर तो तुमच्या मालकीचाही होत नाही, प्रायोजक संस्थेच्या कामाशी बांधलेला असतो. ते काम सुटलं आणि साधारण वर्षभरात दुसऱ्या प्रायोजकाने तो उचलला नाही, तर पुन्हा पहिल्यापासून.

आता अटीबद्दल. सरकारचं स्वतःचं लेखी धोरण असं आहे, की पडताळणी लागणाऱ्या पदासाठी अर्ज करताना उमेदवाराकडे आधीपासून क्लिअरन्स असावा अशी अपेक्षा ठेवू नये. अपवाद फक्त थोड्या मुदतीच्या आणि तातडीने भरायच्या पदांचा. कॅबिनेट ऑफिसचं हे धोरण उघड उपलब्ध आहे, शोधून स्वतः वाचा आणि छापून ठेवा. तो कायदा नाही, त्यामुळे त्यावर कोर्टात जाता येणार नाही. पण कायम नोकरीच्या जाहिरातीत 'ॲक्टिव्ह एससी हवाच' असं लिहिलेलं दिसलं, तर ती ओळ या धोरणाच्या विरुद्ध आहे हे नक्की. हे मी ठामपणे लिहितोय, कारण आपली कितीतरी चांगली माणसं ती ओळ वाचून 'आपण परके, आपल्यासाठी नाही' असं समजून मागे फिरतात. मीही फिरलो होतो.

तुमच्या वहीत आणखी एक रकाना पाडा. 'ॲक्टिव्ह' किंवा 'करंट' लिहिलंय की 'एलिजिबल'? एलिजिबल म्हणजे तुम्ही पात्र असलात की पुरे, क्लिअरन्स ते करून घेणार. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही ओळी सारख्याच वाटतात. मी २०१९ मध्ये घाईघाईत अशा किती जाहिराती सोडून दिल्या, ते आठवलं तरी अजून वाईट वाटतं.

पात्रता म्हणजे काय, तर मुख्यतः इथला रहिवास. सीटीसीला (काउंटर टेररिस्ट चेक, एससीच्या खालचा दर्जा) साधारण तीन वर्षं, एससीला पाच, डीव्हीला (डेव्हलप्ड व्हेटिंग, एससीच्या वरचा) दहा. बीपीएसएस (कामावर घेण्याआधीची प्राथमिक तपासणी) ही या तिन्हींच्या खालची पायरी, तिला क्लिअरन्स म्हणतच नाहीत. ओळख, कामाचा हक्क, तीन वर्षांचा नोकरीचा इतिहास आणि गुन्ह्यांची नोंद एवढं त्यात पाहतात. एससीला ब्रिटिश पासपोर्ट असलाच पाहिजे असं नाही, हे लक्षात ठेवा. काही पदं फक्त ब्रिटिश नागरिकांसाठी राखीव असतात, ती वेगळी, आणि जाहिरातीत तसं लिहिलेलं असतं.

तुमचे लातूरचे सात महिने: खंड पडला म्हणून अर्ज बाद होतोच असं नाही. रहिवासाची अट दगडावरची रेघ नाही, प्रायोजक खातं परिस्थिती पाहून ठरवतं. पण तारखा चोख हव्यात. विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, तेव्हाच्या मॅनेजरचं रजेचं पत्र, जे असेल ते एका फायलीत लावा. लपवलेला महिना घातक, सांगितलेला नाही.

मला एससी कसा मिळाला ते सांगतो. २०१९ मध्ये मी एका छोट्या कंपनीत कायम नोकरी धरली. पगार आधीपेक्षा सात हजार पाउंडांनी कमी. बायकोशी दोन रात्री हिशेब मांडून मग हो म्हटलं. कंपनीकडे सरकारी कंत्राट होतं, म्हणून ती मला प्रायोजक होऊ शकत होती. पहिले नऊ आठवडे मी गोपनीय नसलेल्या कामावर होतो, तोवर क्लिअरन्स आला. दीड वर्षाने पगार भरून निघाला.

फॉर्म भरताना मी अडलो ते मात्र भलत्याच ठिकाणी. आईच्या माहितीपाशी. आईवडिलांचं पूर्ण नाव, आधीची नावं, जन्मतारीख, जन्मस्थळ सगळं लागतं. माझ्या आईच्या पासपोर्टवर १ जून १९५३. आता आपल्याकडे १ जून म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिली तीच तारीख. घरात सगळे सांगतात, ती गणपतीत झाली, सातव्या दिवशी, गौरी जाऊन दोन दिवस झाले होते. मी व्हिडिओ कॉल लावला. ती पडवीत बसून कोकमं वाळत घालत होती. विचारलं, आई, लग्नाआधीचं तुझं पूर्ण नाव काय? तर ती गप्पच झाली. लग्नात तिचं पहिलं नावही बदललं होतं, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून. माहेरचं नाव पंचेचाळीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. तिने ते हळूच सांगितलं आणि मग मला म्हणाली, परत एकदा वाच बघू काय लिहिलंस ते. मी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं.

जन्मस्थळाचं तसंच. गाव कुडाळजवळचं. १९५३ मध्ये तो रत्नागिरी जिल्हा, राज्य मुंबई. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, पासपोर्टवर तो. कंपनीच्या सिक्युरिटी अधिकाऱ्याला मी सरळ विचारलं. ती म्हणाली, अधिकृत कागदावर जे आहे ते रकान्यात भर, आणि जादा माहितीच्या जागेत दोन ओळींत खुलासा लिही. तसंच केलं. कुणी एक प्रश्न विचारला नाही. फॉर्मला आपली माणसं भितात ती अशा गोष्टींना, पण कागदांमधली तफावत समजावून सांगितली की ती तफावतच राहते, खोटेपणा ठरत नाही.

आत्तापासून करण्यासारखं म्हणजे क्रेडिट रिपोर्ट काढून बघा. एससीत आर्थिक पत तपासतात. जुन्या घराचं न भरलेलं पाण्याचं बिल किंवा पार्किंगचा दंड कोर्टापर्यंत गेलेला असतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. मतदारयादीत नाव नसेल तर घाला, भारतीय पासपोर्टवरही राष्ट्रकुल नागरिक म्हणून आपल्याला इथे मतदानाचा हक्क आहे आणि त्या नोंदीचा पत्त्याच्या पडताळणीला उपयोग होतो.

—

पूर्वी_भरतीत_होते

मी लंडनला एका एजन्सीत सहा वर्षं आयटीची भरती केली. ती ओळ मी स्वतः शेकडो जाहिरातींत टाकली आहे, म्हणून आतून कशी लिहिली जाते ते सांगते.

क्लायंट शुक्रवारी दुपारी फोन करतो, सहा महिन्यांचं काम आहे, माणूस या महिन्यात बसायला हवा. पडताळणीला किती आठवडे लागतील याची खात्री कुणी देत नाही. सरकारी कारभार तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने जानेवारी २०२३ मध्ये व्हेटिंगच्या कामावर अहवाल काढला, त्यातही ठरलेल्या मुदती पाळल्या जात नसल्याचं आलं होतं. सहा महिन्यांच्या कंत्राटात दोन महिने वाट बघण्यात गेले तर क्लायंटला ते नको असतं. एजंटला पैसे मिळतात ते माणूस कामावर रुजू झाला की. म्हणून तो ज्यांच्याकडे क्लिअरन्स आहे त्यांनाच फोन करत सुटतो. अशा तातडीच्या कंत्राटाला धोरणातही सूट आहे, मंदारने लिहिलंय तसं. तिथे भांडून उपयोग नाही.

पण वाईट सवय अशी लागते, की तीच ओळ आम्ही कायम पदांच्या जाहिरातींतही चिकटवायचो. जुनी जाहिरात उघडायची, पदाचं नाव आणि पगार बदलायचा, बाकी तसंच. क्लायंटने ती अट मागितलेलीही नसायची. शिवाय दोनशे सीव्ही आले की निवडायला सोपं जायचं, एका टिचकीत तीस उरायचे. त्या एकशे सत्तरांत कोण होतं ते मी कधी उघडूनसुद्धा पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मला आज मनापासून वाईट वाटतं.

सायली, तुझ्या १९ पैकी कायम नोकऱ्या किती आहेत ते वेगळं काढ. त्यांना अर्ज कर, आणि एजंटला एवढंच विचार: 'ही अट क्लायंटची आहे की तुमची? क्लायंट प्रायोजक व्हायला तयार आहे का?' फोनवर नको, ईमेलवर. लेखी विचारलं की त्याला क्लायंटला विचारावंच लागतं. धोरणातलं ते वाक्य खाली जोड. सीव्हीच्या पहिल्या पानावर वरच लिही: 'इथे वास्तव्य अमुक वर्षांपासून, एससीसाठी पात्र, आयएलआर'. सॉफ्टवेअर 'एससी' हा शब्द शोधतं, तो पात्र या अर्थाने खरेपणाने तिथे असला तरी सीव्ही पुढे सरकतो.

आणि क्लिअरन्स मिळाल्यावर तो लिंक्डइनवर मिरवू नकोस. परकी हेरगिरी करणारे नेमकी तीच माणसं शोधत असतात.

—

कॅनबेराकर

इकडे ऑस्ट्रेलियात हेच दुखणं आहे, फक्त शब्द वेगळे. 'मस्ट होल्ड करंट एनव्ही-१'. (एनव्ही-१ हा इथल्या क्लिअरन्सचा एक दर्जा.) इथेही स्वतः अर्ज करता येत नाही, प्रायोजक लागतो. वर इथे नागरिकत्वही लागतं. म्हणजे भारताचा पासपोर्ट परत करून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यायचं आणि मग रांगेत उभं राहायचं. एनव्ही-१ ला मागच्या दहा वर्षांची पार्श्वभूमी तपासतात, त्यात पुण्याची वर्षं आली की जुन्या घरमालकांना फोन करून पत्ते जुळवावे लागतात. माझे एक घरमालक वारले होते, त्यांच्या सुनेने भाडेकरार शोधून फोटो पाठवला.

मला वाट सापडली ती खासगी कंपन्या सोडून थेट सरकारी खात्यात अर्ज केल्यावर. खात्याच्या जाहिरातीत 'मिळवण्याची आणि टिकवण्याची क्षमता' असं लिहिलं होतं. आधीपासून असायलाच हवा असं नव्हतं. पहिल्या वर्षी बेसलाइन (एनव्ही-१ च्या खालचा दर्जा), मग एनव्ही-१. तुमच्याकडेही खात्यांचा रस्ता असेलच.

—

मंदार_ब्रिस्टल

आहे ना, आणि तो मी आधीच लिहायला हवा होता. सिव्हिल सर्व्हिसच्या राखीव नसलेल्या पदांना राष्ट्रकुल नागरिक अर्ज करू शकतात, कामाचा हक्क असला की झालं. आपल्या लोकांना हे माहीतच नसतं, 'सरकारी नोकरी म्हणजे इथल्यांना' असं धरून चालतात. तिथल्या जाहिरातींत बहुतेक वेळा 'निवड झाल्यावर एससी करावा लागेल' असं असतं, कारण प्रायोजक ते स्वतःच असतात. सायलीताई, तुम्हाला स्विंडनहून न्यूपोर्टची थेट गाडी आहे. तिथे ओएनएस (सरकारी सांख्यिकी कार्यालय) आहे, पेटंट ऑफिस आहे. कॉर्शमला स्टेशन नाही, चिपेनहॅमला उतरावं लागतं. पण संरक्षण खात्याच्या स्वतःच्या नागरी जागाही तिथे निघतात, कंत्राटदारामार्फत नव्हे, थेट.

पगार बाजारापेक्षा कमी असतो. तो हिशेब घरी मांडा.

—

सायली_स्विंडन

सगळ्यांचे खूप आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण काहीतरी हातात आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

त्या १९ पैकी ८ कायम नोकऱ्या निघाल्या. आठही ठिकाणी ईमेल केली. पाच जणांनी उत्तर दिलं नाही. एकाने लिहिलं, अट क्लायंटचीच आहे. दोघांनी सांगितलं की विचारून बघितलं, क्लायंट प्रायोजक व्हायला तयार आहे! त्यातल्या एकाची मुलाखत झाली, निरोप यायचाय. पूर्वी भरतीत असलेल्या ताई, तुमचं वाक्य मी जसंच्या तसं वापरलं.

दरम्यान न्यूपोर्टच्या एका खात्यातही अर्ज केला. आणि क्रेडिट रिपोर्ट काढला, तर रेडिंगच्या जुन्या फ्लॅटच्या पत्त्यावर ब्रॉडबँडचे ६४ पाउंड थकलेले दिसले. २०२० चे. आम्ही घर सोडताना शेवटचं बिल आलंच नव्हतं. ते भरून टाकलं, पावती फायलीत लावली.

मंदारदादा, तुमचं आईबद्दलचं वाचून मी त्याच संध्याकाळी लातूरला फोन लावला. आमच्याकडे आईची १ जून आणि बाबांचीही १ जून. सालं वेगळी. बाबांचा जन्म १९५१ चा, तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात आणि तो सगळा भाग हैदराबाद राज्यात. बाबांनी शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेतून काढून फोटो पाठवला, त्यावर जिल्हा उस्मानाबाद. पासपोर्टवर लातूर. आणि उस्मानाबादचं आता धाराशिव झालंय. मी रकान्यात काय भरू?

—

मंदार_ब्रिस्टल

रकान्यात पासपोर्टवरचं. खाली जादा माहितीत असं लिहा: 'शाळेच्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये त्यातून वेगळा झाला, गाव तेच. उस्मानाबादचं नाव आता धाराशिव आहे.' तारखांसाठी एक वेगळी ओळ: दोघांच्याही तारखा शाळेच्या नोंदीवरून घेतलेल्या आहेत, म्हणून दोन्ही १ जून. हे नक्की लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की एकाची तारीख चुकून दुसऱ्याच्या रकान्यात पडली.

दाखल्याचा फोटो ठेवा, पण बाबांना सांगा, मूळ कागद पुन्हा ट्रंकेत घालताना प्लास्टिकच्या पिशवीत घाला. तो पुढे लागेल. डीव्हीला भावंडांचीही माहिती विचारतात.

मुलाखतीचं काय झालं ते कळवा.